आरव्ही, कुकर आणि डिडक्टिबल

मे महिना जवळ आला की डॅलसच्या आमच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "आई-बाबा येतायत, आरव्ही घेऊन फिरायला जावं म्हणतोय. कुठली बरी?" आरव्ही म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेलं चाकांवरचं घर. कुठली बरी ते सांगायला पन्नास जण धावतात. विम्याचं कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगते.

भारतातून येताना आपण दोन शब्द घेऊन येतो, 'थर्ड पार्टी' आणि 'फुल'. थर्ड पार्टी म्हणजे इथली लायबिलिटी. टेक्ससमध्ये तिची किमान मर्यादा ३०/६०/२५ आहे. म्हणजे एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६० हजार आणि समोरच्याच्या मालमत्तेसाठी २५ हजार. समोर नवाकोरा पिकअप ट्रक असला तर हे २५ हजार बघता बघता संपतात. तीस फुटी धूड रस्त्यावर काढणाऱ्याने किमानावर भागवू नये. 'फुल' मात्र इथे अस्तित्वातच नाही. एजंट तोंडाने 'फुल कव्हरेज' म्हणतो, कागदावर कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह असे दोन वेगळे रकाने असतात. धडक आणि गाडी उलटणं पहिल्यात. चोरी, आग, पूर, रात्री आडवं आलेलं हरीण आणि आपल्या टेक्ससच्या लिंबाएवढ्या गारा दुसऱ्यात.

आता आरव्ही म्हणजे काय घेताय ते बघा. इंजिनवाली मोटरहोम असेल तर तिची स्वतःची पॉलिसी लागतेच, त्यात गोंधळ नाही. गोंधळ ओढायच्या ट्रेलरचा. ट्रेलर मागे जोडलेला असताना कुणाला लागला, तर बहुतेक वेळा ओढणाऱ्या गाडीची लायबिलिटी कामाला येते. त्यावरून लोकांना वाटतं, चला, ट्रेलरपण गाडीच्या विम्यात बसला. नाही बसला. ट्रेलर स्वतः चेपला, जळाला किंवा चोरीला गेला तर त्याची वेगळी पॉलिसी नसल्यास सहसा काहीच मिळत नाही. कर्ज काढून घेणाऱ्याला बँक विमा घ्यायलाच लावते. उघडा पडतो तो रोखीने घेणारा, आणि रोखीने, तेही जुना, घ्यायची हौस आपल्यातच जास्त. डीलर 'एक्स्टेंडेड वॉरंटी' गळ्यात मारेल. तिला विमा समजू नका.

आतल्या सामानाचं आम्ही हात पोळून शिकलो. एका पार्किंगमध्ये ट्रेलर लावून दोन तास चालायला गेलो. परत आलो तर खिडकी फुटलेली. लॅपटॉप, कॅमेरा आणि सासूबाईंची साखळी गायब. कुकर मात्र जागेवर, वर वरणभातासकट! मी फोन लावला तेव्हा कळलं की खिडकी ट्रेलरच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येते, पण आतल्या वस्तूंचा त्या पॉलिसीशी संबंध नाही, कारण आम्ही 'पर्सनल इफेक्ट्स' नावाचं कलम घेतलंच नव्हतं. वस्तूंसाठी घराच्या विम्याकडे जायचं. म्हणजे दोन क्लेम, दोन डिडक्टिबल (नुकसानीतला आपण आधी खिशातून भरायचा ठरावीक भाग), दोन अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासणारी कंपनीची माणसं). खिडकीचा खर्च डिडक्टिबलपेक्षाही कमी निघाला, म्हणजे तिथे शून्य.

तुम्ही अपार्टमेंटमध्ये असाल तर लीजिंग ऑफिसने घ्यायला लावलेली रेंटर्स पॉलिसी, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, तुमच्याकडे बहुधा असेल. ती फक्त त्या दोन खोल्यांपुरती नसते. तुमचं सामान बाहेर असतानाही ती सहसा लागू होते. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांच्या वस्तू त्यात धरतात का, हे मात्र एजंटला ईमेलवर विचारा, फोनवर नको.

आणि दागिने. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला वेगळी छोटी मर्यादा असते, बऱ्याचदा १,५०० डॉलर, सगळे दागिने मिळून. रोख रकमेला तर २०० डॉलर. आपल्याकडे नुसत्या मंगळसूत्रात त्याहून जास्त सोनं असतं. महागडा दागिना पॉलिसीत वेगळा नोंदवून घेता येतो, त्याला मूल्यांकनाचा कागद लागतो. नाहीतर सरळ घरी ठेवा. कॅम्पग्राउंडवर पाटल्या बघायला कोण येतंय?

भारतात पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी ठरवलेली किंमत, छापलेली असते, गाडी पूर्ण गेली तर किती मिळणार ते आधीच कळतं. इथे 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू' असेल तर नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव धरतात, आणि ट्रेलरची किंमत पहिल्या काही वर्षांत भराभर उतरते. कर्ज ४० हजारांचं आणि हातात ३० हजार, असं होऊ शकतं. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' म्हणजे आधी ठरलेली रक्कम; आयडीव्हीच्या जवळचं काही हवं असेल तर ते मागा. हप्ता थोडा चढतो.

पाण्याबद्दल एकच: छताच्या सांध्यातून हळूहळू मुरलेलं पाणी, बुरशी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे देखभालीत मोडतं, विम्यात नाही. वर्षातून दोनदा शिडी लावून छत बघा.

पहिल्या उन्हाळ्यात विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. पण तिथेही क्रेडिट कार्डच्या भरवशावर राहू नका. गाडी भाड्याने घेताना मिळणारं कार्डचं संरक्षण बहुतेकदा मोटरहोमला वगळतं, आणि तुमची नेहमीची कार पॉलिसीही अनेकदा हात वर करते. भाड्याने देणाऱ्या कंपनीचं कव्हर घ्यावं लागेल. त्यातही वरची आणि खालची बाजू वगळलेली आहे का बघा. कमी उंचीच्या पुलाखाली छत खरवडणं हा नवख्यांचा आवडता अपघात आणि नेमका तोच अनेक करारांत तुमच्या खिशातून भरायचा असतो. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, छतावरचा एसी धरून.

टेक्ससच्या सीमेवरच्या बिग बेंड नॅशनल पार्कला गेलात तर नदीपलीकडे मेक्सिको दिसतो. अमेरिकेतली पॉलिसी सहसा तिथे चालत नाही, मेक्सिकन विमा वेगळा घ्यावा लागतो.

आम्ही आता निघायच्या आदल्या रात्री सगळी कपाटं उघडून मोबाईलवर व्हिडिओ काढतो, लॅपटॉपचा सिरीयल नंबर दिसेल असा. मागच्या वेळी सासूबाईंनी त्यात कुकरही घ्यायला लावला, शिट्टीसकट.