पॉडकास्ट ऐकून धंद्यात उपयोग कसा करून घ्यावा

धंद्यावरचे पॉडकास्ट ऐकणारे दुकानदार पुष्कळ आहेत, पण ऐकलेलं दुकानात उतरवणारे थोडे. प्रश्न न ठरवताच ऐकायला बसलं की असं होतं. समोर येईल तो भाग लावला जातो, पाहुण्याचं बोलणं पटतं, आणि गिऱ्हाईक दारात आलं की सगळं विसरून जातं.

१. आधी वही उघडा. मागच्या तीन महिन्यांची खरेदी, विक्री, उधारी आणि पडून असलेला माल बघा. पैसे कुठे अडकलेत ते एका ओळीत, आकड्यासकट लिहा. ‘धंदा वाढवायचाय’ हा प्रश्न नव्हे. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, दुकानदाराचा प्रश्न असा असू शकतो: ‘९० दिवसांपेक्षा जुने ६० जोड पडून आहेत, खरेदी सरासरी ७०० रुपये, म्हणजे ४२,००० अडकले.’ तिथल्याच उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या मशीन शॉपवाल्याचा असा: ‘तीन पार्ट्यांची बिलं ७० दिवसांनी निघतात.’

२. त्या प्रश्नापुरतेच भाग शोधा. ‘डेड स्टॉक’ (पडून राहिलेला माल), ‘वर्किंग कॅपिटल’ (रोजच्या धंद्याला लागणारं भांडवल), ‘पेमेंट रिकव्हरी’ (उधारीची वसुली) असे नेमके शब्द टाका. ‘बिझनेस मोटिव्हेशन’ टाकलं की भाषणंच हाती लागतात. तीन भाग निवडा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. तेवढ्यात मार्जिन, उधारीचे दिवस, मालाची किंमत यातला एकही आकडा आला नाही, तर पुढचा लावा. काय फसलं हे सांगणारा पाहुणा सोडू नका. शेवटी स्वतःचा कोर्स विकणारा पाहुणा वाईटच असतो असं नाही, पण तिथे तो विक्रेता आहे हे ध्यानात ठेवून ऐका.

३. ॲप आणि डेटा. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. स्पॉटिफाय, पॉकेट कास्ट्स किंवा अँड्रॉइडवर मोफत मिळणारं अँटेनापॉड चालेल. यूट्यूबच्या मोफत खात्यात स्क्रीन बंद केली की सहसा आवाजही थांबतो, त्यामुळे काम करता करता ऐकायला ते गैरसोयीचं. १२८ केबीपीएस दर्जाचा ४० मिनिटांचा भाग साधारण ४० एमबी होतो; रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

४. कधी ऐकायचं. पॅकिंग करताना, दुकान झाडताना, दुपारी गिऱ्हाईक नसताना. माल मोजताना नको, मोजणी चुकते. लेथजवळ आणि टू-व्हीलरवर इअरफोन अजिबात नको. इंग्रजी भाग झेपत नसेल तर वेग ०.८ करा.

५. वहीत तीनच गोष्टी टिपा: आकडा, अट आणि उद्या करायचं काम. सोबत भागाचं नाव आणि मिनिट लिहिलं की परत ऐकायला शोधावं लागत नाही.

या तिन्हींत अट बहुतेकांकडून सुटते, आणि सल्ला फसतो तो तिथेच. पाहुणा सांगतो, ‘जुना माल वर्षअखेरीस सवलतीत काढा.’ त्याचं दुकान दिल्लीतल्या मॉलमध्ये आहे, माल रेग्झिनचा आहे आणि उरलेला माल कंपनी परत घेते. कोल्हापुरी चपलेला यातलं काहीच लागू नाही. जूनला पाऊस लागला की कातडी चप्पल कोण घालतो? ती भिजली की फुगते, आणि रॅकवर कोंदट हवेत पडून राहिली की बुरशी धरते. पावसाळा काढलेला जोड डिसेंबरात निम्म्या किमतीलाही जाईल याची खात्री नाही. म्हणजे सवलतीची कल्पना घ्यायची, पण ती एप्रिल-मेमध्ये, अंबाबाईच्या दर्शनाला सुट्टीतली गर्दी असते तेव्हा वापरायची.

६. कर आणि कायद्याची गोष्ट आली की भागाची तारीख बघा. २०२३ चा भाग म्हणेल, हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर १२ टक्के जीएसटी. तो दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला: जोडी २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून ५ कोटींवरून १० कोटी झाली. लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांबद्दलचं ‘४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत’ हे वाक्य तर सगळीकडे अर्धवटच सांगतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची, करार असेल तर जास्तीत जास्त ४५. शिवाय हे संरक्षण उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. असं काही ऐकलं की पार्टीशी भांडायला जाण्याआधी सीएला एक फोन करा.

७. एकच बदल, चार आठवडे. चप्पलवाल्यासाठी: प्रत्येक खोक्यावर खरेदीचा महिना लिहा, ९० दिवसांवरचे जोड दर्शनी रॅकवर आणा आणि दर पंधरवड्याला नंबरवार मोजा. बहुधा सहा नंबर आणि दहा नंबर पडून आहेत आणि आठ-नऊ संपलेत असं दिसेल. तसं असेल तर दुखणं किमतीचं नाही, ऑर्डर देताना सगळ्या नंबरांचे सारखेच जोड मागवण्याचं आहे. सवलत लावून ते सुटणार नाही, पुढच्या ऑर्डरमध्ये प्रमाण बदलावं लागेल.

सवलत आणि रॅकची मांडणी एकाच वेळी बदललीत, तर कशाने माल गेला ते कळणार नाही. प्रयोग नवरात्रात करू नका. त्या दिवसांत काहीही केलं तरी विक्री वाढलेली दिसते. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करा.

एखाद्या पॉडकास्टचे सलग तीन भाग ऐकून वहीत एकही ओळ आली नसेल, तर तो अनफॉलो करा, पाहुणा कितीही मोठा असो.