वण फुगतो म्हणून हाडही वेडंवाकडं जुळेल? या चुका टाळा

कान टोचला आणि पाळीवर बोराएवढी गाठ आली, किंवा छातीवरच्या साध्या फोडाचा वण फुगत फुगत शेजारच्या चांगल्या कातडीवर चढला, तर तो केलॉइड. जाड वण जखमेच्या हद्दीत थांबतो, केलॉइड हद्द ओलांडतो. अशा माणसाचं हाड मोडलं की घरात प्रश्न निघतोच: आता आतही असंच काही वाढणार का?

पहिली चूक इथेच होते. कातडी वण ठेवून भरते; हाड मात्र नवं हाड तयार करून जुळतं आणि पुढे कित्येक महिने त्याचा आकार सुधारत राहतं. एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागी गोळा दिसला, तर तो बहुतेकदा कॅलस असतो, म्हणजे जुळण्याचाच टप्पा. टीजीएफ-बीटासारखे वाढीचे संदेश देणारे रेणू दोन्हीकडे काम करतात, म्हणून नातं असेल असं वाटणं साहजिक आहे. पण कानावरच्या गाठीवरून हाडाचं भविष्य सांगता येत नाही. गोळा मोठा आणि तरी फट कायम असेल, तर बहुधा ती जागा हलतेय. फट आहे आणि गोळाच नाही, तर रक्तपुरवठा तपासायला हवा. तंबाखूने रक्तपुरवठा घटतो, म्हणून तिची पुडी तर आजच फेका.

खरी महागात पडणारी चूक कोपराची. प्लास्टर निघतं, कोपर आखडलेलं असतं, आणि कुणीतरी कोमट तेल घेऊन जोरात मालीश करतं, हात ताणतं. दुखावलेल्या स्नायूत मग चक्क हाड तयार होऊ शकतं. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसत नाही, साधारण 3-4 आठवड्यांनी दिसतं. म्हणून एक्स-रेची वाट न पाहता, सूज, ऊब आणि रोज थोडी थोडी कमी होणारी हालचाल दिसली, की मालीश बंद करून डॉक्टर गाठा. कोपर रुग्णाने स्वतःच्या ताकदीने, सोसेल तितकंच वाकवावं. आजीला हे पटवणं अवघड जातं, मान्य आहे.

केलॉइडची खोड असेल तर ऑपरेशनआधीच सर्जनना सांगा, विशेषतः गळपट्टीच्या हाडावर प्लेट बसवायची असेल तेव्हा. छाती-खांद्याकडे केलॉइड लवकर धरतो. आलेला केलॉइड नुसता कापून काढू नका, बरेचदा तो परत येतो. टाके निघून जखम बंद झाली की वणावर चिकटवायची सिलिकॉन शीट कधी लावायची, ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन लागेल का, ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. आणि पुढे प्लेट काढायचा विषय निघाला, तर ती काढायलाच हवी का, हेही विचारा. चिरा पुन्हा त्याच जागी पडणार असतो.