स्प्रिंग गॉबलर सीझनच्या (म्हणजे वसंतातल्या नर टर्कीच्या शिकारीच्या) आधी टर्की हुडकायच्या कशा (पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींसाठी)

सगळ्यात आधी एक सांगतो, फेब्रुवारीत कुठल्या तरी मक्याच्या शेतात टर्कींचा मोठा थवा दिसला म्हणून खूश होऊन तिथे पिन टाकून बसू नका. तो हिवाळ्यातला थवा असतो, खायला मिळतंय म्हणून एकत्र जमलेला, आणि मार्च संपता संपता तो फुटतो. माद्या घरटं करायला जागा शोधत पांगतात आणि त्यांच्या मागे टॉम म्हणजे मोठे नर जातात, कधी कधी पार मैल-दोन मैल लांब. त्यामुळे खरं स्काउटिंग, म्हणजे शिकारीआधी पक्षी कुठे आहेत ते हेरून ठेवणं, एप्रिलमध्येच. आपल्याकडे सीझन १ मेच्या सगळ्यात जवळच्या शनिवारी उघडतो, म्हणजे हातात तीन-चार आठवडे मिळतात आणि तेवढे पुरतात. (१९६८ पर्यंत इथे स्प्रिंग सीझन नव्हताच, पक्षीच तेवढे उरले नव्हते. फार्मवर वाढवलेले पक्षी सोडून बघितले ते जंगलात टिकले नाहीत, शेवटी जंगली पक्षी पकडून दुसरीकडे नेऊन सोडले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.)

सुरुवात घरी सोफ्यावर बसूनच करा. ऑनएक्स किंवा तसलं कुठलंही मॅपचं अॅप उघडा, त्यात पब्लिक जमिनीच्या हद्दी दिसतात, आणि आपल्या राज्यात नुसती स्टेट गेम लँड्सच (शिकारीसाठी राखलेली सरकारी जमीन) साधारण १५ लाख एकर आहेत, वर स्टेट फॉरेस्ट वेगळं, त्यामुळे जागा नाही हे कारण चालणार नाही. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये जंगल आणि मोकळी जागा जिथे भिडते तिथे बघा, म्हणजे शेताच्या कडा, लाकूडतोडीचे जुने रस्ते, गॅसलाइन किंवा विजेच्या तारांखाली साफ केलेला पट्टा. मग टोपो लेयर (चढ-उतार दाखवणारा नकाशा) लावून डोंगराच्या धारा आणि त्यातून खाली उतरणाऱ्या सोंडा बघा. उभं राहून ऐकायला अशी सोंड एकदम बेस्ट, कारण दोन्ही बाजूंच्या दऱ्यांतला आवाज वर येतो. अशा चार-पाच जागा तरी मार्क करा, एकाच जागेवर जीव लावू नका. प्रायव्हेट जमीन असेल तर शेतकऱ्याला प्रत्यक्ष जाऊन भेटा, फोन-मेसेजपेक्षा ते कधीही बरं. दुधाचा धंदा करणारा माणूस पहाटेपासून बाहेर असतो, टर्की कुठल्या कोपऱ्यातून किती वाजता निघतात हे त्याला तोंडपाठ असतं, आणि परवानगी नाही दिली तरी गप्पांत माहिती देऊन जातो.

आता मुख्य काम, ते म्हणजे कान. टर्कीला रात्री धड दिसत नाही म्हणून ती झाडावर झोपते, आणि पहाटे टॉम त्या रातथाऱ्यावरूनच गॉबल करायला, म्हणजे ओरडायला लागतो, सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधीपासून. तुम्ही सूर्योदयाच्या तासभर आधी सोंडेवर पोचलेले हवेत, गाडीचं दार हळू लावायचं, टॉर्च कमीत कमी वापरायचा. वारा पडलेली, निरभ्र, जरा गारठ्याची सकाळ निवडा, वारा असेल तर सरळ झोपा घरी, काही ऐकू येत नाही. गॉबल ऐकलं की लगेच तिकडे धावायचं नाही. कंपासवर दिशा बघा, अॅपमध्ये त्या दिशेने रेघ मारा, मग दोन-तीनशे यार्ड बाजूला सरकून परत ऐका आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे साधारण पक्षी. अंतराचा नुसता अंदाज करू नका, कारण एप्रिलच्या सुरुवातीला झाडं उघडीबोडकी असतात तेव्हा आवाज लांबून पण खणखणीत येतो आणि मेमध्ये पानं फुटली की तोच पक्षी जवळ असून लांब वाटतो, नवीन माणूस इथे हमखास फसतो.

आणि प्लीज, स्काउटिंगला जाताना टर्कीचे कॉल (टर्कीसारखा आवाज काढायची साधनं) घरी ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय. स्लेट कॉल किंवा माउथ कॉलवर मादीचा आवाज काढला की टॉम उत्तर देतो, कधी चालत पण येतो, आपल्याला वाटतं काय भारी जमतंय, पण त्याला तिथे मादी मिळत नाही, मिळतो एक कॅमो घातलेला माणूस, आणि ओपनिंगच्या दिवशी तोच पक्षी तोंड शिवून बसतो. कुणी गॉबल करत नसेल आणि आहे की नाही हे बघायचंच असेल तर घुबडाचा आवाज काढा, बार्ड आऊलचा तो आठ ठोक्यांचा हूटिंग कॉल, पहाटे आणि संध्याकाळी चालतो. उजाडल्यावर कावळ्याचा. मोठा आवाज कानावर पडला की टॉम दचकून प्रतिक्षिप्तपणे गॉबल करून टाकतो, त्यात त्याला काही शिकायला मिळत नाही. एकदा उत्तर आलं की बास, परत परत वाजवत बसू नका.

खाली उतरल्यावर तो कुठे जातो हे रातथाऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे, माझ्या मते जास्तच. सकाळी टॉम झाडावरून उतरतो तेव्हा बहुतेक वेळा माद्या बरोबर असतात आणि तो त्यांच्या मागे मागे जातो, तुमच्या कॉलला विचारत पण नाही. पण माद्या रोज एक अंडं याप्रमाणे १०-१२ अंडी घालतात, त्यासाठी त्या सकाळी कधी तरी त्याला सोडून घरट्याकडे सटकतात, आणि पुढे अंड्यांवर बसल्या की जवळपास २८ दिवस तिथेच. आपला सीझन मेच्या आसपास ठेवलाय तो याच हिशोबाने, बऱ्याच माद्या तेव्हा घरट्यावर असतात. म्हणून स्काउटिंग सातला आटपून ब्रेकफास्टला पळू नका, ९ ते ११ पण ऐका. त्या वेळेला एकटा गॉबल करणारा टॉम ज्या जागी असतो ती जागा लिहून ठेवा, सीझनमध्ये तिथेच काम होतं. सीझनच्या पहिल्या भागात शिकार दुपारी १२ लाच बंद होते हेही लक्षात असू द्या.

ऐकून झालं की खुणा. ओकच्या जंगलात पाचोळा उकरलेला दिसेल, पानं मागे फेकलेली आणि खाली माती उघडी. माती ओली आणि गडद असेल तर आजचं-कालचं, वर परत पानं पडून वाळलेली असतील तर जुनं. उत्तरेकडच्या डोंगरांत उतारावर पाण्याचे पाझर असतात, तिथे बर्फ लवकर जातो आणि हिरवं लवकर येतं, तिथे नक्की डोकावा. पाझराच्या चिखलात पाऊल दिसलं की टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा, ४ इंचांच्या चांगलं वर असेल तर नर समजा. शिट नीट बघा, किळस करू नका: नराची लांबट आणि टोकाला वळलेली, इंग्रजी जे अक्षरासारखी, मादीची गोळा किंवा वेटोळं. एखाद्या मोठ्या पाइन किंवा ओकखाली अशा शिटेचा खच आणि बरोबर मोठी पिसं पडली असतील तर रातथारा सापडला. छातीचं पीस मिळालं तर टोक बघा, काळं असेल तर नर, फिकट तपकिरी असेल तर मादी.

सगळ्यात भारी खूण मातीच्या रस्त्यावर मिळते. टॉम पिसारा फुलवून मोरासारखा मिरवतो तेव्हा पंख खाली सोडतो आणि पंखांची टोकं जमिनीवर घासत जातात, म्हणजे मधे पावलं आणि दोन्ही बाजूंना बारीक समांतर ओरखडे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, जुनं सगळं पुसलेलं असतं, जे दिसेल ते ताजंच. पाऊस थांबल्या थांबल्या तर टर्की शेतात उघड्यावर येतात, तेव्हा रस्त्यावर गाडीत बसून दुर्बिणीतून बघत राहा, उतरायची गरज नाही. पिसारा उघडला की जेक, म्हणजे एक वर्षाचा नर, लगेच ओळखू येतो, त्याची मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब असतात, मोठ्या टॉमचा पंखा सगळीकडून सारखा.

या पक्ष्याची नजर भयंकर आहे, रंगही दिसतात, त्यामुळे रातथाऱ्याच्या झाडाखाली दर दुसऱ्या दिवशी चक्कर मारू नका, तो सरळ जागा बदलतो. स्काउटिंगला केशरी टोपी घाला. लाल, पांढरं, निळं काहीही घालू नका, मोजे-रुमाल सुद्धा नाही, टॉमच्या डोक्याचे रंग तेच असतात, दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजायचा. सीझन चालू झाल्यावर तर गॉबलच्या आवाजावर दबकत जाणं आपल्या राज्यात बेकायदाच आहे, बसून बोलवायचं. गोचीड हा वेगळा वैताग, गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराच्या केसेसमध्ये पेनसिल्व्हेनिया कायम वरच्या नंबरात असतं, कपड्यांवर पर्मेथ्रिन (कीटकनाशक) मारून पूर्ण वाळवून मगच घाला आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत चेक करा.

ओपनिंगच्या आदल्या संध्याकाळी एकदा जाऊन या. सूर्यास्ताच्या सुमाराला लांब उभं राहायचं, झाडावर चढताना पंखांची जड फडफड शांत हवेत लांबवर ऐकू येते, नाहीच आली तर अंधार पडताना एकदा घुबड वाजवायचं. पब्लिक जमिनीवर पहाटे तुमच्या पार्किंगला आधीच गाडी उभी असेल तर वाद न घालता दुसऱ्या मार्क केलेल्या जागेला जायचं, चार-पाच जागा करा म्हटलं ते त्यासाठीच. आणि दुसऱ्या टर्कीचं वेगळं लायसन सीझन सुरू व्हायच्या आतच विकत घ्यावं लागतं, नंतर मिळत नाही, तर ते एप्रिलमध्येच उरकून टाका, यंदाचं गेम कमिशनचं (राज्याच्या शिकार खात्याचं) नियमांचं बुकलेट पण त्याच वेळी वाचून घ्या.