डेल्फ्टचा कललेला मनोरा जलरंगात

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या औडे केर्क चर्चचा मनोरा मी पहिल्यांदा काढला तो अगदी सरळ. इमारत म्हटली की हात आपोआप पट्टीकडे जातो. चित्र नीटनेटकं झालं, पण ते डेल्फ्ट काही वाटेना. हा विटांचा मनोरा ७५ मीटर उंच आहे आणि ओळंब्यापासून सुमारे २ मीटर झुकलाय. म्हणजे कागदावर तो १५ सेंटिमीटर काढलात, तर शेंडा बाजूला जाणार जेमतेम ४ मिलिमीटर. त्याहून जास्त कलवलात की पिसा झालं.

फोटोवरून काढणार असाल तर सावध. कॅमेरा वर करून काढलेल्या फोटोत सगळ्याच भिंती आत झुकतात आणि फोनमधली 'सरळ करा'ची सोय वापरली की मनोऱ्याचा खरा कलही बिघडतो.

पेन्सिलीने आधी मनोरा नको, कालव्याकाठची घरं काढा. त्यांच्या खिडक्यांच्या उभ्या कडा कागदाच्या कडेला समांतर हव्यात. ओळंबा त्यांनीच दाखवायचा. शेजारी सरळ काही नसेल तर कल म्हणजे तुमची चूक वाटते. मग मनोऱ्याची कललेली मध्यरेषा ओढा आणि कमानी, आडवे पट्टे तिच्याच हिशोबाने बसवा.

कागद ३०० जीएसएमचा म्हणजे जाडसर, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत. आकाश ओल्या कागदावर, कोबाल्ट ब्लूमध्ये किंचित बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून. ते वाळलं की मनोरा आणि घरं मिळून यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) एकच पातळ हात. तोही पूर्ण वाळू द्या. मग मनोऱ्यावर बर्न्ट सिएना, आणि तो ओला असतानाच सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन (गडद निळा) सोडा. रंग आपले आपण मिसळू देत, ब्रशने ढवळू नका.

विटा काढायच्या नाहीत. मी तीन संध्याकाळी एकेक वीट काढत बसलो आणि मनोरा स्वेटर घातल्यासारखा दिसला. उजेड आणि सावली मिळतात तिथे दहाबारा तुटक फटकारे पुरतात.

पाण्यात मी पुन्हा फसलो. प्रतिबिंबात कल उलटा होईल असं वाटलं होतं. तसं नसतं: मनोरा उजवीकडे झुकला असेल तर पाण्यातला शेंडाही उजवीकडेच जातो. तिथे कडा विरघळू द्या, आणि रंग ओला असतानाच ओलसर चपट्या ब्रशने दोनतीनदा वरून खाली ओढा.