खिडकीची जागा शेजारणीला द्या

लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी मी आत सरकते. मुलुंड ते सीएसएमटी तासभर वारा डोळ्यांवर घेतला, की पापण्यांखाली वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. मला शोग्रेन सिंड्रोम आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. मुंबईच्या दमट हवेत कसला कोरडेपणा, असं लोक विचारतात. पण झराच आटलाय! तपासणीत डोळ्यात अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत जेमतेम 3 मिलिमीटर भिजली होती.

तुमचं निदान नुकतंच झालं असेल, तर चुरचुरायची वाट बघू नका, वेळ ठरवून डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. एका वेळेपुरत्या छोट्या कुप्या मिळतात. मी गाडी कुर्ल्याला थांबली की खालची पापणी ओढते, नजर वर करते, एक थेंब सोडते आणि मिनिटभर डोळे मिटून घेते. ऑफिसात एसीच्या झोताखालची जागा बदलून मागा. त्यात संकोच कसला?

भाकरी आमटीत कुस्करून खा. खारी, टोस्ट घशाखाली उतरत नाहीत. तोंडाला पाणी सुटावं म्हणून लिंबाच्या गोळ्या मात्र चघळू नका. लाळ कमी असली की दात झपाट्याने किडतात, माझ्या दोन दाढा त्यातच गेल्या. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा, दाताच्या डॉक्टरांना फ्लोराइडबद्दल विचारा.

थकव्याचं सगळ्यात अवघड. तो आळस नाही आणि नुसत्या झोपेने जातही नाही. एका रविवारी बरं वाटलं म्हणून मी माळा आवरायला काढला, पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठवेना. आता बऱ्या दिवशीही ठरवलेल्यातलं निम्मंच काम करते. ओट्याशी स्टूल ठेवलंय, भाजी बसूनच चिरते. संध्याकाळी वीस मिनिटं सावकाश चालते, त्याने खरंच फरक पडतो. घरच्यांना हे बऱ्या दिवशीच समजावून सांगा, थकल्यावर शब्द सुचत नाहीत.

सर्दीच्या काही गोळ्यांनी कोरडेपणा वाढतो, त्या मनाने घेऊ नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे या आजारात दिलं जाणारं औषध चालू असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नका, त्याला त्याने इजा होऊ शकते. मूल हवं असेल, तर अँटी-रो अँटीबॉडीबद्दल, म्हणजे या आजारात रक्तात सापडणाऱ्या आणि पोटातल्या बाळाच्या हृदयाला त्रास देऊ शकणाऱ्या प्रतिपिंडाबद्दल, डॉक्टरांशी आधीच बोला. आणि कानाखाली, गालावर आलेली सूज उतरत नसेल, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच संधिवाततज्ज्ञांना दाखवा.