उजळाईवाडी ते रेणिगुंटा: विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढायची

कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारे हरिप्रिया एक्सप्रेसचे तास तोंडपाठ सांगतात, पण विमानाचा हिशेब करताना रस्त्याचे किलोमीटर घेऊन बसतात. विमानाला घाट नाही, वळण नाही, त्यामुळे तो आकडा इथे कामाचा नाही. कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर अंतर निघतं.

विमानतळांचेच अक्षांश-रेखांश घ्या, शहरांचे नकोत. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला: 16.665 उत्तर, 74.289 पूर्व. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला: 13.633 उत्तर, 79.543 पूर्व. आकडे अंश-मिनिटांत असतील तर मिनिटांना 60 ने भागून अंशात मिळवा. 16 अंश 39 मिनिटे म्हणजे 16.65. ते 16.39 लिहिलं की जागा थेट 29 किलोमीटर दक्षिणेला सरकते. सर्वाधिक घोळ इथेच होतो.

अक्षांशांतला फरक 3.032, रेखांशांतला 5.254. उत्तरेकडे जाल तशा रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात, म्हणून दुसऱ्या आकड्याला मधल्या अक्षांशाच्या (15.15) कोसाइनने, म्हणजे 0.965 ने गुणा: 5.071. ही पायरी गाळली तर उत्तर 18 किलोमीटरने फुगतं. आता दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ: 5.909 अंश. एका अंशात 60 सागरी मैल, म्हणून गुणिले 60, म्हणजे 354.5 सागरी मैल, गुणिले 1.852, म्हणजे सुमारे 656 किलोमीटर. एवढ्या अंतराला ही पद्धत पुरेशी अचूक आहे.

वेळेसाठी मात्र सागरी मैलच ठेवा, कारण विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात आणि एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. किलोमीटरला नॉटने भागणाऱ्याचं उत्तर जवळपास दुप्पट येतं. एटीआर 72 या पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग साधारण 275 नॉट. हवाई मार्ग अगदी सरळ नसतो, तेव्हा अंतरात 4 टक्के वाढ धरा: 369 सागरी मैल. त्याला 275 ने भागून 60 ने गुणलं की 81 मिनिटे. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची 10-12 मिनिटे. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची 10. एकूण पावणेदोन तासांच्या आत.

वेळापत्रकात सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची, पोहोचण्याची म्हणजे जागेवर थांबण्याची. म्हणून तो आकडा हवेतल्या वेळेपेक्षा मोठा असतो, आणि कंपन्या वर थोडी सवडही ठेवतात.

वारा दुर्लक्षू नका. पाठीमागून 25 नॉटचा वारा असला तर ती 81 मिनिटे 74 होतात, समोरून असला तर 89. वरचा वारा पश्चिमेकडून असला तर जाताना फायदा आणि परतताना तोटा. दोन्ही दिशांची वेळ सारखी धरून पुढची गाडी पकडायचं ठरवू नका.

नवरात्रात तिरुपती देवस्थानचा शालू अंबाबाईला येतो, त्या नात्यामुळे ही वारी कोल्हापूरकरांच्या घरोघरी असते. दर्शनाची वेळ आरक्षित केली असेल तर विमानाच्या वेळेआधी चेक-इन काउंटर बंद होण्याचा तासभर मोजा, आणि रेणिगुंट्याहून तिरुपती गाठून पुढे तिरुमलाचा घाट चढायला किमान दीड तास वेगळा ठेवा.