क्वीनचे अखेरचे तीन अल्बम कसे ऐकावेत

क्वीन या ब्रिटिश बँडची ओळख बहुतेकांना १९८१च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संग्रहातून होते. ती गाणी पाठ झाल्यावर पुढे काय ऐकावे, असे कोणी विचारले तर मी ‘द मिरॅकल’ (१९८९), ‘इन्युएंडो’ (१९९१) आणि ‘मेड इन हेवन’ (१९९५) हे तीन अल्बम सुचवतो; मात्र ते ऐकताना एक पथ्य पाळावे लागते. बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या आजारातून निधन झाले, हे आता सर्वांना ठाऊक असल्यामुळे श्रोता प्रत्येक ओळीत निरोप शोधू लागतो आणि चार कसलेल्या कलावंतांनी प्रत्यक्षात काय काम करून ठेवले आहे, ते त्याच्या कानावरून निसटून जाते. म्हणून प्रत्येक गाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी आधी पाहाव्यात : ते मुळात कोणी लिहिले, आणि त्यातला आवाज कोणत्या काळात ध्वनिमुद्रित झाला.

पहिली गोष्ट वेष्टनावर सापडत नाही. ‘द मिरॅकल’पासून चौघांनी सगळी गाणी बँडच्या सामाईक नावावर लावायला सुरुवात केली, श्रेय आणि मानधन यांवरून होणारे वाद त्यामुळे मिटले, पण श्रोत्याला खरा लेखक कळण्यासाठी गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या नंतरच्या मुलाखतींचा आधार घ्यावा लागतो.

ऐकण्याची तयारी फारशी नाही. अल्बम क्रमानेच लावावा, शफल बंद ठेवावे आणि ॲपमध्ये एक गाणे दुसऱ्यात मिसळण्याची सोय सुरू असेल तर तीही बंद करावी, कारण ‘द मिरॅकल’ची पहिली दोन गाणी मुळातच एकमेकांना जोडलेली आहेत. ‘इन्युएंडो’ची १९९१ची जुनी तबकडी हाती लागली तर ती जपून ठेवावी, पण ऐकण्यासाठी सीडी किंवा डिजिटल आवृत्ती घ्यावी, जवळपास ५४ मिनिटांचे संगीत एकाच एलपीवर बसत नसल्याने तिच्यात अनेक गाण्यांना कात्री लागली होती.

‘द मिरॅकल’वर फार वेळ थांबण्याची गरज नाही. मे यांच्या ‘आय वाँट इट ऑल’मध्ये मधल्या गिटारवादनाच्या वेळी लय एकाएकी दुप्पट होते ती जागा, आणि शेवटचे ‘वॉज इट ऑल वर्थ इट’, ज्यात सत्तरच्या दशकातला भरजरी क्वीन पुन्हा भेटतो, एवढे लक्षपूर्वक ऐकले तरी पुरे. ‘रेन मस्ट फॉल’ आणि ‘माय बेबी डज मी’ ही गाणी माझ्या मते भरतीची आहेत.

‘इन्युएंडो’ला मात्र पूर्ण संध्याकाळ द्यावी. साडेसहा मिनिटांचे शीर्षकगीत निदान तीनदा ऐकावे : एकदा सलग, एकदा केवळ टेलर यांच्या ड्रमच्या संथ, लष्करी चालीच्या ठेक्याकडे कान देऊन, आणि एकदा फक्त मधल्या भागासाठी. त्या भागात ठेका थांबतो आणि स्पॅनिश फ्लामेन्को ढंगाची गिटार सुरू होते. तिथे मे यांच्या सोबतीला ‘येस’ या बँडचे स्टीव्ह हाउ वाजवत आहेत. थोड्याच वेळात तीच सुरावट मे इलेक्ट्रिक गिटारवर पूर्ण ताकदीने पुन्हा मांडतात. हा सांधा एकदा ओळखू आला की लांबलचक वाटणारे गाणे किती घट्ट बांधलेले आहे ते समजते.

याच अल्बममधले ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ हे मर्क्युरी यांचे निरोपगीत समजले जाते, परंतु ते प्रामुख्याने टेलर यांनी लिहिलेले आहे. आधी केवळ गाणे ऐकावे आणि १९९१च्या मे महिन्यात चित्रित झालेला त्याचा कृष्णधवल व्हिडिओ नंतर पाहावा. कृश झालेले मर्क्युरी एकदा डोळ्यांसमोर आले की ते गाणे नुसते गाणे म्हणून ऐकणे जवळजवळ अशक्य होते. अनेकजण ‘डिलायला’ वगळून पुढे जातात. ते करू नये. स्वतःच्या मांजरीवर लिहिलेल्या या गाण्यात मे यांची गिटार चक्क म्याव म्हणते, आणि आजारपणातही मर्क्युरी यांचा खट्याळपणा शाबूत होता हे त्यातून दिसते.

शेवटची दोन गाणी तोडू नयेत. ‘बिजू’मध्ये गाण्याची कडवी गिटारच म्हणते आणि कंठ मध्येच काही ओळींपुरता येऊन जातो. त्या शांततेनंतर ‘द शो मस्ट गो ऑन’ येते. तेही मुख्यतः मे यांचे; इतकी उंच पट्टी मर्क्युरी यांना आता झेपेल का, अशी त्यांना शंका होती, आणि मर्क्युरी यांनी व्होडकाचा घोट घेऊन ते गाऊन दाखवले, असे मे यांनीच सांगितले आहे.

‘मेड इन हेवन’ ऐकण्याची रीत वेगळी आहे. मर्क्युरी यांच्या मृत्यूनंतर उरलेल्या तिघांनी निरनिराळ्या काळातल्या त्यांच्या आवाजाभोवती हा अल्बम रचला. पहिल्यांदा तो आहे तसा ऐकावा, आणि दुसऱ्यांदा आवाजाच्या वयाप्रमाणे गाणी लावावीत. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’चा गाभा १९८०चा : पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा मुलगा, म्हणजे मर्क्युरी, येथे प्रौढपणी पियानोवर सहज काही जुळवत बसला आहे. पुढे शीर्षकगीत आणि ‘आय वॉज बॉर्न टु लव्ह यू’ लावावे. ही दोन्ही त्यांच्या १९८५च्या एकल अल्बममधली असून मूळ सिंथेसायझरच्या जागी येथे बँडचे खणखणीत वादन आले आहे, त्यामुळे दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकणे बोधप्रद ठरते. त्यानंतर ‘हेवन फॉर एव्हरीवन’ आणि ‘टू मच लव्ह विल किल यू’ ही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गाणी घ्यावीत, आणि अखेरीस १९९१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू येथे गायलेली ‘अ विंटर्स टेल’ व ‘मदर लव्ह’.

‘मदर लव्ह’ हे मर्क्युरी यांचे शेवटचे ध्वनिमुद्रित गायन मानले जाते. मे कडवी लिहून देत होते आणि मर्क्युरी गात होते. थोडी विश्रांती घेऊन परत येतो, असे सांगून ते गेले आणि शेवटचे कडवे राहून गेले. अल्बममध्ये ते मे यांनी स्वतः गायले आहे. हेडफोन लावून आवाज बदलतो ती जागा शोधावी : मर्क्युरी यांच्या भरदार आवाजानंतर मे यांचा पातळ, सावध स्वर येतो आणि त्यात नक्कल करण्याचा कोणताही प्रयत्न नाही.

२०२२मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फेस इट अलोन’ हे ‘द मिरॅकल’च्या ध्वनिमुद्रणाच्या काळातले गाणे असल्याने ते त्याच अल्बमला जोडून ऐकावे. गायक पॉल रॉजर्स यांच्यासह २००८मध्ये आलेला ‘द कॉसमॉस रॉक्स’ या मालिकेत धरू नये. त्यात ना मर्क्युरी आहेत, ना बासवादक जॉन डीकन.